फेरफार, नक्कल आणि संगणकाचा गाभा

मुळशी तालुक्यातील श्रोत्यांपुढे संगणकाच्या गाभ्याविषयी बोलायचे तर फार लांबून सुरुवात करण्याचे कारण नाही. पौडची कचेरी सर्वांच्या परिचयाची आहे. सातबारा, फेरफार, नक्कल हे शब्द इथल्या शेतकऱ्याला शाळेत जाण्यापूर्वीपासून ठाऊक असतात. आणि याच तालुक्यात हिंजवडी आणि माण ही गावे आहेत, जिथे हजारो तरुण सकाळी काचेच्या इमारतींत शिरतात आणि संध्याकाळी बाहेर पडतात. ही मुले दिवसभर आत काय करतात, असे त्यांच्या घरची वडीलधारी माणसे मला पुष्कळदा विचारतात. त्यांच्यापैकी पुष्कळांचे काम असे की, दुसऱ्याने केलेली दुरुस्ती वाचायची आणि ती योग्य आहे की नाही ते सांगायचे. हे काम वाटते तितके सोपे नाही. संगणकाच्या गाभ्यातील एकच दुरुस्ती घेऊन ते कसे चालते, हे मी आज सांगणार आहे. ही दुरुस्ती २००५ साली सुरू झाली आणि तिची कथा २०२२ पर्यंत चालली.

प्रथम गाभा म्हणजे काय ते पाहू. संगणकावर किंवा खिशातल्या फोनवर एकाच वेळी अनेक कार्यक्रम चालू असतात. एक गाणे वाजवतो, दुसरा बँकेचा हिशेब दाखवतो, तिसरा निरोप आणतो. या सर्वांवर देखरेख करणारा जो मूळ कार्यक्रम, त्याला कर्नेल म्हणतात. कर्नेल म्हणजे बी किंवा गाभा. आपण गाभाच म्हणू. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिहायला घेतलेला लिनक्स नावाचा गाभा आज जगातील बहुतेक मोठ्या संगणककेंद्रांत आणि प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. तो कोणा एकाच्या मालकीचा नाही. देशोदेशीची माणसे त्यात भर घालतात आणि त्याची प्रत्येक ओळ कोणालाही वाचता येते.

या गाभ्याचे एक मोठे काम म्हणजे स्मृतीची, म्हणजे मेमरीची, व्यवस्था. मेमरी ही पानांत विभागलेली असते. साधारणपणे एक पान ४०९६ अक्षरांचे, म्हणजे चार किलोबाइटचे असते. चार गिगाबाइट मेमरीच्या फोनमध्ये अशी दहा लाखांहून अधिक पाने होतात. कोणते पान कोणत्या कार्यक्रमाकडे आहे, त्याला ते केवळ वाचता येईल की त्यावर लिहिताही येईल, याचे कोष्टक गाभा ठेवतो. हा त्या कार्यक्रमाचा सातबारा समजा. फरक इतकाच की आपला सातबारा वर्षानुवर्षे बदलत नाही आणि हा एका सेकंदात लाखो वेळा बदलू शकतो.

आता नक्कल. कचेरीच्या अभिलेख कक्षात मूळ दप्तर असते. ते दहा माणसांनी वाचले तरी हरकत नाही, एकच मूळ प्रत सर्वांना पुरते. पण कोणी म्हणाला, मला यावर खुणा करायच्या आहेत, समासात टिपणे लिहायची आहेत, तर कारकून त्याला मूळ कागदावर लिहू देईल काय? तो म्हणेल, नक्कल घ्या आणि नकलेवर काय हवे ते लिहा. गाभा नेमके हेच करतो. एकच फाइल शंभर कार्यक्रमांनी उघडली तरी मेमरीत तिची एकच प्रत असते. एखाद्याने खासगी वापरासाठी म्हणून घेतलेल्या पानावर लिहू पाहिले की त्या क्षणी, त्यापूर्वी नाही, गाभा त्या एका पानाची नक्कल करतो आणि त्याच्या कोष्टकात मूळ पानाच्या जागी नकलेची नोंद करतो. लिहिण्याची वेळ आली तरच नक्कल, एरवी नाही. काटकसरीची अशी युक्ती कोणत्याही जुन्या अव्वल कारकुनाला पसंत पडली असती. या युक्तीच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा उच्चार ‘काऊ’ असा होतो, आणि म्हणून पुढे तिच्यातील दोषाला ‘डर्टी काऊ’, म्हणजे मळकी गाय, असे नाव पडले. संगणकवाल्यांच्या विनोदाची झेप साधारण इतपतच असते. असो.

एक अडचणीचा प्रकार मात्र आहे, आणि सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते. कार्यक्रमातील चूक शोधण्यासाठी जी साधने वापरतात त्यांना कधी कधी ‘केवळ वाचा’ असा शिक्का असलेल्या पानावरही खूण करावी लागते. हे रास्त आहे, कारण ती खूण त्या कार्यक्रमाच्या खासगी नकलेवर होते, मूळ कागदाला धक्का लागत नाही. म्हणून गाभ्यात एक खास दार ठेवलेले आहे. त्या दाराने आलेल्यासाठी गाभा नक्कल तयार करतो आणि शिक्का ‘केवळ वाचा’ असाच ठेवूनही तिच्यावर लिहू देतो.

पण हे दोन टप्प्यांचे काम आहे. आधी नक्कल तयार करायची, मग कोष्टकात पुन्हा पाहून कागद उचलायचा आणि लिहायचे. या दोन टप्प्यांच्या मध्ये त्याच कार्यक्रमाच्या दुसऱ्या हाताने, ‘मला ती नक्कल नको, टाकून द्या’ असे सांगितले तर? गाभा निमूटपणे नक्कल टाकून देतो. कोष्टकातील ती जागा रिकामी होते. मग पहिला हात कागद उचलायला येतो, तेव्हा गाभा त्या जागी पुन्हा मूळ कागद आणून ठेवतो आणि नक्कल समजून त्याच्यावर लिहिले जाते. मूळ दप्तरात खाडाखोड! तो कागद जर संगणकाच्या वापरकर्त्यांची यादी असेल, तर साध्या वापरकर्त्याला पाटीलकी मिळालीच म्हणून समजा. दोन हातांची ही शर्यत जिंकण्यास क्वचितच संधी मिळते. पण संगणक थकत नाही, तो लाख वेळा प्रयत्न करतो.

हा दोष २००५ च्या ऑगस्टमध्येच लक्षात आला होता. टोरवाल्ड्स यांनी स्वतः दुरुस्ती लिहिली. तिचा आशय असा: लिहिण्यासाठी कागद उचलताना त्यावर शाईचा डाग आहे का ते पाहा. गाभ्याच्या कोष्टकात प्रत्येक पानापुढे एक खूण असते. पानावर काही लिहिले गेले की ती उमटते. या खुणेलाच संगणकाच्या भाषेत ‘मळके’ म्हणतात. डाग असेल तर ती नक्कल, कोरा असेल तर मूळ प्रत, म्हणून पुन्हा नक्कल करा. युक्ती सुटसुटीत होती. पण आयबीएमच्या एस-३९० जातीच्या मोठ्या यंत्रांत त्या काळी ही खूण कोष्टकात नसायची, ती प्रत्यक्ष मेमरीच्या जागेशी निगडित असायची. कारकून कागदावर शाई शोधतो आहे आणि या कचेरीत शाईची नोंद कागदावर नसून फडताळावर आहे, असा प्रकार. त्या यंत्रांवर गाभा ‘डाग नाही, पुन्हा नक्कल करा’ या फेऱ्यात कायमचा अडकू लागला. दोनच दिवसांत निक पिगिन यांच्या दुसऱ्या दुरुस्तीने पहिली मागे घेतली गेली. तिच्या जागी व्यवस्था आली ती अशी की, नक्कल तयार करणाऱ्याने ‘नक्कल केली’ अशी चिठ्ठी द्यावी आणि पुढच्याने त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून, लिहिण्याचा आग्रह सोडून, केवळ वाचण्यासाठी म्हणून कागद मागावा. चिठ्ठी लिहिली तेव्हा ती खरी होती. कागद उचलताना ती खरी राहिली आहे का, हे कोणी पाहत नव्हते.

येथे थोडे थांबून फेरफाराकडे वळू. खरेदी झाली, वारस लागला, वाटणी झाली, की तलाठी (२०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) गाव नमुना सहामध्ये नोंद धरतो. ती नोंद लगेच पक्की होत नाही. ज्यांचा ज्यांचा संबंध येतो त्यांना नोटीस जाते, हरकतीस पंधरा दिवस मिळतात, हरकत आली तर प्रकरण वादग्रस्त नोंदवहीत जाते, आणि शेवटी मंडल अधिकारी तपासून ती प्रमाणित करतो. या पद्धतीत दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. जो लिहितो तो प्रमाणित करीत नाही, ही एक. आणि प्रमाणित करण्यापूर्वी, जे समोर हजर नाहीत त्यांचा शोध घेतला जातो, ही दुसरी. पद्धत कागदावर चांगली असून प्रत्यक्षात कशी चालते याविषयी श्रोत्यांना माझ्याहून अधिक अनुभव असेल. परंतु ज्यांना पुरते विचारले गेले नाही त्यांचे काय होते, हे या खोऱ्याला नव्याने सांगायला नको. १९२१ चा सत्याग्रह इथेच झाला.

लिनक्सच्या गाभ्यातील बदलही याच वाटेने जातो. बदल करू इच्छिणारा माणूस एक पॅच तयार करतो. पॅच म्हणजे ठिगळ: कोणत्या ओळी काढल्या, कोणत्या घातल्या, आणि मुख्य म्हणजे का, याचे निवेदन. तो सर्वांना दिसेल अशा रीतीने पाठवला जातो. त्या विभागाचे जाणकार तो वाचतात, हरकती घेतात, लेखक सुधारून पुन्हा पाठवतो. दहा दहा फेऱ्या होणे नवलाचे नाही. जो समाधानी होतो तो ‘मी तपासले’ म्हणून आपले नाव त्याखाली घालतो आणि ते नाव कायमचे इतिहासात राहते. या सहीचा अर्थही लिहून ठेवलेला आहे. मी हा बदल तांत्रिक दृष्टीने तपासला, माझ्या शंकांचे निरसन झाले, मला ठाऊक असलेला दोष यात उरलेला नाही, असे तपासनीस म्हणतो. तो निर्दोष आहे अशी हमी मात्र तो देत नाही. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. मंडल अधिकाऱ्याची सहीसुद्धा दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा नसते.

मेमरीच्या दुरुस्तीत तपासनीस काय पाहतो? नेहमीच्या गोष्टी आहेतच. घेतलेले पान प्रत्येक वाटेने परत केले जाते का, की काम मध्येच फसले तर ते कोणाच्याच नावावर न राहता पडून राहते? फडताळावर परत ठेवलेला कागद दुसऱ्याला दिला गेला आणि पहिला अजून त्याच जागी लिहितो आहे, असे तर होत नाही? यासाठी आता यंत्रेही मदत करतात. अशा चुका पकडणारे एक तपासयंत्र २०१५ पासून लिनक्सच्या गाभ्यातच अंतर्भूत आहे. परंतु अशी तपासणी पॅचमध्ये दिसणाऱ्या ओळींची असते. अवघड भाग निराळा आहे. पॅच ज्या गोष्टीवर विसंबला आहे ती गोष्ट खरी आहे का, आणि ती खरी राहावी हे पाहण्याची जबाबदारी कोणाकडे आहे, हे त्या ओळींत नसते. ते हजारो पानांच्या उरलेल्या दप्तरात कुठे तरी असते. एस-३९० यंत्र हा २००५ च्या त्या पॅचमधला गैरहजर हिस्सेदार होता. त्याला नोटीस गेली नव्हती.

पुढे अकरा वर्षे गेली. यंत्रे वेगवान झाली, एका यंत्रात अनेक प्रक्रियक आले, आणि जी शर्यत २००५ साली कागदावरची शक्यता वाटत होती ती प्रत्यक्षात जिंकणे सोपे झाले. २०१६ साली फिल ओस्टर यांना त्यांच्या देखरेखीतील एका फोडलेल्या संगणकाकडे आलेल्या संदेशांच्या साठवणीत या दोषाचा उपयोग करणारे हत्यारच सापडले. म्हणजे चोरांना वाट आधीच ठाऊक होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये टोरवाल्ड्स यांनी नवी दुरुस्ती केली. पॅच पंधराच्या आसपास ओळींचा. त्याचे निवेदन मात्र प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. हा दोष जुना आहे, अकरा वर्षांपूर्वी मीच तो दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला होता आणि तो नीट जमला नव्हता, अमुक यंत्रामुळे तो मागे घ्यावा लागला, त्या यंत्राची अडचण दरम्यान दूर झाली आहे (ती २०१३ मधील ३.९ या आवृत्तीत दूर झाली होती), म्हणून आता पुन्हा त्याच मार्गाने जाता येते, असे त्यात सांगितले आहे. ह्यू डिकिन्स यांनी संमती दिली, मिखाल होको यांनी तपासल्याची सही केली. नवी व्यवस्था अशी: चिठ्ठी हवीच, पण चिठ्ठीवर न थांबता कागदावर आत्ता शाई आहे का तेही पाहा. दोन्ही जुळले तरच लिहू द्या.

श्रोत्यांपैकी वकील मंडळींच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. शाईचा डाग हा नक्कल असल्याचा प्रत्यक्ष पुरावा नाही, तो परिस्थितिजन्य पुरावा आहे. ‘ज्यावर शाई आहे ती नक्कलच असली पाहिजे’ हे अनुमान तोपर्यंतच टिकते, जोपर्यंत संपूर्ण कचेरीत दुसरा कोणीही, दुसऱ्या कोणत्याही कारणाने, मूळ कागदावर तसा डाग पाडत नाही.

२०१७ साली नेमके हेच घडले. सुट्या पानांऐवजी एकदम मोठे बाड हाताळण्याची सोय गाभ्यात आहे. पुष्कळ यंत्रांवर असे बाड दोन मेगाबाइटचे असते. वर्षाच्या आरंभी वरचीच तपासणी या बाडांनाही लागू करण्यात आली. परंतु बाडांच्या कारकुनाची जुनी सवय अशी की, कोणी नुसते वाचायला बाड मागितले तरी ‘हाताळले’ या नोंदीबरोबर तो शाईची खूणही करून टाकी. तोवर त्यात काही बिघडत नव्हते. आता मात्र ती खूण पुरावा म्हणून ग्राह्य धरली जाऊ लागली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये बिंडेसी या संस्थेच्या संशोधकांनी हे उघडकीस आणले आणि किरिल शुतेमोव यांच्या दुरुस्तीने ती कारणाशिवाय पडणारी खूण बंद झाली.

याच वर्षी मूळ दोषाचे फळ आपल्याही दाराशी आले. सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रेंड मायक्रो या कंपनीने झेडएनआययू नावाच्या एका घातक कार्यक्रमाची माहिती दिली. तो अँड्रॉइड फोनमध्ये डर्टी काऊच्या वाटेने शिरून पूर्ण ताबा मिळवीत असे. चाळीसहून अधिक देशांत तो आढळला होता आणि त्यात सापडलेल्यांपैकी बहुसंख्य लोक चीन आणि भारतातील होते. ज्या फोनवर माणूस पीकविम्याचा अर्ज भरतो आणि बँकेचा संकेतांक घेतो, त्याच फोनच्या मूळ दप्तरात खाडाखोड करण्याची ही सोय होती. गाभ्यातील दोन टप्प्यांमधली फट ही केवळ पंडितांच्या चर्चेची बाब नव्हती, ती अशी.

कथा अजून संपत नाही. २०२२ च्या जानेवारीत आलेल्या ५.१६ या आवृत्तीत एका अगदी वेगळ्या विभागात, सामाईक मेमरीच्या हाताळणीत, एक बदल झालेला होता. पान कोष्टकात बसवताना शाईची खूण सरसकट करावी, असा तो बदल. त्याच्या स्वतःच्या हेतूपुरता तो योग्यच होता. पण शाईच्या खुणेवर दूर कुठे तरी एक पहारेकरी विसंबून आहे, याचा त्या पॅचशी वरकरणी काहीच संबंध दिसत नव्हता. जुने दार पुन्हा किलकिले झाले, या वेळी केवळ सामाईक मेमरीतील फाइलींपुरते. ऑगस्ट २०२२ मध्ये रेड हॅटचे डेव्हिड हिल्डेनब्रँड यांनी ते ओळखले.

त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. तो नवा बदल तेवढा मागे घ्यायचा आणि शाई पाहण्याची रीत चालू ठेवायची, हा एक. त्यांनी दुसरा धरला. शाई आणि चिठ्ठी दोन्ही पुरावे त्यांनी रद्द केले. एखादे पान मूळ फाइलीचे नसून खासगी आहे आणि ते या एकाच कार्यक्रमाचे आहे, अशी थेट नोंद त्याच वर्षी गाभ्यात ठेवली जाऊ लागली होती. तीच विचारायची असे त्यांनी ठरवले. म्हणजे कागदावर डाग आहे का, असे न विचारता, ‘ही अमुक खातेदाराची स्वतःची नक्कल’ असा शिक्का त्यावर आहे का, असे विचारायचे. २०१६ च्या पॅचने घातलेली चिठ्ठीची खूण या दुरुस्तीने गाभ्यातून काढूनच टाकली. माझ्या मते सतरा वर्षांतील या सर्व दुरुस्त्यांत हीच खरी दुरुस्ती. आधीच्या दुरुस्त्या फट बुजवीत होत्या. हिने, आपण कशाला पुरावा मानतो, हाच प्रश्न बदलला. पण ती २०१६ सालीच का सुचली नाही, असे विचारणे अन्यायाचे होईल. शिक्का मारण्याची व्यवस्थाच तेव्हा नव्हती, आणि चोर घरात शिरलेला असताना पंधरा ओळींचे ठिगळ चार दिवसांत लावता येते, नवी नोंदपद्धती नाही.

तरुण तपासनीसांना म्हणून मी एवढेच विचारायला सांगतो: हा पॅच कशाला पुरावा मानतो? तो पुरावा गाभ्यात आणखी कोण कोण निर्माण करू शकते? जे यंत्र तुमच्या मेजावर नाही, त्याच्यावर याचे काय होईल? आणि हाच दोष पूर्वी कोणी दुरुस्त करून पाहिला होता का, पाहिला असल्यास तो मागे का घ्यावा लागला? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लिनक्समध्ये सहज मिळते, कारण २००५ पासूनचा प्रत्येक बदल कारणासह जपलेला आहे. मिळते ते वाचणाऱ्याला.

राहिला प्रश्न आपल्या फोनचा. गाभ्यात दुरुस्ती प्रमाणित झाली म्हणजे ती आपल्या खिशात पोहोचली असे नाही. फेरफार मंजूर होऊनही हातातला सातबारा जुनाच असावा, तसे ते आहे. अँड्रॉइडसाठी मूळ दोषाची दुरुस्ती डिसेंबर २०१६ च्या सुरक्षा-अद्ययावतीत समाविष्ट झाली. फोनच्या सेटिंगमध्ये फोनविषयीच्या माहितीत सुरक्षा-अद्ययावतीची तारीख दिसते. घरात एखादा जुना फोन पोरांच्या खेळण्यासाठी म्हणून ठेवलेला असेल तर ती तारीख पाहावी, आणि ती त्याआधीची निघाली तर त्यावर बँकेचे काम करू नये.